ताळेबंदातला रुपया: शेअरची बुक व्हॅल्यू स्वतः कशी काढायची आणि तिच्यावर किती विसंबायचं

२९ ऑक्टोबर २०२४ ला मुंबई शेअर बाजारात एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीचा शेअर ३ रुपये ५३ पैशांवरून थेट २,३६,२५० रुपयांवर गेला. एका दिवसात. त्या बातमीत सगळीकडे एक आकडा छापून आला होता: या कंपनीची प्रति शेअर बुक व्हॅल्यू, म्हणजे वहीप्रमाणे देणी वजा जाता एका शेअरच्या वाट्याला येणारी मालमत्ता, ५,८५,२२५ रुपये. कंपनीचे शेअर एकूण दोनच लाख आणि तिच्या गाठीला एशियन पेंट्सच्या शेअर्सचा मोठा साठा. साडेतीन रुपयांना कुणी विकायलाच तयार नव्हतं, त्यामुळे सौदे होत नव्हते आणि जुना भाव स्क्रीनवर तसाच राहिला होता. अशा गुंतवणूक कंपन्यांचे भाव खास लिलावातून ठरवण्याची सोय बाजार नियामक सेबीने जून २०२४ मध्ये केली, तेव्हा ही कोंडी फुटली.

सगळ्यांना साडेतीन रुपयांचे अडीच लाख कसे झाले याचं आश्चर्य वाटलं. मला मात्र दुसरी गोष्ट जास्त शिकण्यासारखी वाटते. भाव मोकळा झाल्यावरसुद्धा तो बुक व्हॅल्यूच्या ४० टक्क्यांच्या आसपासच थांबला. वहीत एक रुपया लिहिला होता आणि घेणारे चाळीस पैसे मोजत होते. ते चुकत होते असंही नाही. एल्सिडचा एक शेअर घेणारा माणूस कंपनीला ‘एशियन पेंट्सचे शेअर विका आणि माझा वाटा द्या’ असं सांगू शकत नाही. विकले तर कर लागेल, आणि विकायचे की नाही हे प्रवर्तक, म्हणजे कंपनी ताब्यात असलेले मालक, ठरवणार.

वहीतला रुपया आणि हातातला रुपया यांत किती अंतर आहे हे प्रत्येक कंपनीत वेगळं असतं. ते अंतर स्वतः मोजता यावं म्हणून हा लेख आहे. नुकतंच डीमॅट खातं उघडलेल्या माणसाला जमेल असंच हे काम आहे. एक वार्षिक अहवाल, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर एवढं पुरे.

बुक व्हॅल्यू म्हणजे नेमकं काय

दोन भावांची पिठाची गिरणी आहे असं धरा. यंत्रं, गाळ्याची अनामत, गल्ल्यातली रोकड आणि गिऱ्हाइकांकडची उधारी मिळून वहीप्रमाणे १० लाख होतात. त्यातून बँकेचं कर्ज आणि वीजबिलाची थकबाकी मिळून ४ लाख वजा केले की ६ लाख उरतात. दोघांचा वाटा सारखा, म्हणून प्रत्येकाचे ३ लाख. हीच बुक व्हॅल्यू. कंपनीत दोन भावांच्या जागी कोट्यवधी शेअर असतात, एवढाच फरक.

दर्शनी मूल्याशी तिची गल्लत करू नका. दर्शनी मूल्य, म्हणजे फेस व्हॅल्यू, हा शेअरवर छापलेला १०, ५, २ किंवा १ रुपयाचा आकडा असतो. त्यावरून कंपनीच्या श्रीमंतीबद्दल काहीच कळत नाही. पण हिशेब करताना तो लागतो, आणि नवखे लोक नेमके तिथेच चुकतात.

पहिली पायरी: योग्य कागद मिळवा

मोबाइल ॲपवर बुक व्हॅल्यू तयार मिळते, तरी पहिल्या पाच-सहा कंपन्यांची स्वतःच्या हाताने काढा. कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांसाठीच्या विभागात वार्षिक अहवाल असतो. बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवरही मिळतो. त्यात दोन ताळेबंद, म्हणजे मालमत्ता आणि देण्यांचे तक्ते, असतात, एक फक्त मूळ कंपनीचा आणि दुसरा उपकंपन्यांसह एकत्रित. शेअर घेताना आपण उपकंपन्यांसकट सगळंच घेत असतो, म्हणून सुरुवात एकत्रित ताळेबंदापासून करा.

नोंदलेल्या कंपन्यांना मालमत्ता आणि देण्यांचं विवरण वर्षातून दोनदा, सप्टेंबर आणि मार्चअखेरचं, द्यावं लागतं. जून आणि डिसेंबरच्या निकालांत ते सहसा नसतं. त्यामुळे फेब्रुवारीत ॲपवर दिसणारी बुक व्हॅल्यू बहुधा सप्टेंबरची असते. मधल्या काळात मोठा तोटा झाला असेल, तर तो त्या आकड्यात आलेला नसतो.

दुसरी पायरी: बेरीज आणि भागाकार

ताळेबंदाच्या ‘इक्विटी’ या भागात दोन ओळी सापडतील. एक ‘इक्विटी शेअर कॅपिटल’, म्हणजे भागभांडवल. दुसरी ‘अदर इक्विटी’, म्हणजे वर्षानुवर्षांचा राखून ठेवलेला नफा आणि शेअर विकताना दर्शनी मूल्याच्या वर मिळालेला, म्हणजे अधिमूल्याचा पैसा. जुने लोक याला गंगाजळी म्हणतात. या दोन्हींची बेरीज करा. त्याखाली ‘नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्ट’ अशी ओळ असेल, तर ती घेऊ नका. उपकंपन्यांतल्या परक्या भागधारकांचा तो वाटा आहे, तुमचा नाही.

आपण एक काल्पनिक कंपनी घेऊ आणि शेवटपर्यंत तिलाच धरून चालू. भागभांडवल २० कोटी, इतर इक्विटी २८० कोटी, बेरीज ३०० कोटी. भागभांडवलाला दर्शनी मूल्याने भागलं की शेअरची संख्या मिळते. दर्शनी मूल्य १० रुपये असेल, तर शेअर २ कोटी आणि बुक व्हॅल्यू १५० रुपये. दर्शनी मूल्य २ रुपये असेल, तर त्याच २० कोटींचे शेअर १० कोटी होतात आणि बुक व्हॅल्यू ३० रुपयांवर येते. डोळे झाकून दहाने भागलं तर उत्तर पाचपट चुकतं. शेअरची संख्या भागभांडवलाच्या टिपणीत स्पष्ट दिलेली असते. ती तिथूनच घ्या. पुढे शेअरमध्ये बदलता येणारे परिवर्तनीय रोखे किंवा वॉरंट बाकी असतील, तर उद्या शेअर किती वाढतील तेही तिथेच बघून ठेवा.

बक्षीस समभाग, म्हणजे बोनस शेअर, मिळाले की बुक व्हॅल्यू त्याच प्रमाणात घटते. ऑगस्ट २०२५ मध्ये एचडीएफसी बँकेने एकास एक बक्षीस समभाग दिले. शेअर दुप्पट झाले आणि शेअरमागची बुक व्हॅल्यू निम्मी झाली. बँकेतून एक पैसाही बाहेर गेला नाही. अशा बदलानंतर काही ठिकाणी नवा भाव आणि जुनी बुक व्हॅल्यू शेजारी शेजारी दिसतात, आणि शेअर एकदम स्वस्त झाल्याचा भास होतो.

आता भावाला बुक व्हॅल्यूने भागा. आपल्या कंपनीचा भाव १०५ रुपये धरू. १०५ भागिले १५० म्हणजे ०.७. हेच पीबी, म्हणजे ‘प्राइस टू बुक’ गुणोत्तर. रुपयाची वस्तू सत्तर पैशांत मिळते आहे असं वाटतं, आणि बहुतेक लोक इथेच थांबून खरेदीचं बटण दाबतात.

मीही तसंच केलं होतं. एका लहान कापड कंपनीचे शेअर मी बुक व्हॅल्यूच्या निम्म्या भावात घेतले. भाव आज ना उद्या बुकपर्यंत चढेल असा माझा विश्वास होता. तीन वर्षांनी कंपनीने जुनी येणी बुडीत धरली, गोदामातला माल कमी किमतीला मांडला आणि बुक व्हॅल्यूच खाली येऊन भावाला भेटली. त्या येण्यांचं वय, त्या मालाचा साठा, सगळं अहवालात छापलेलं होतं. मी ती पानं उघडलीच नव्हती.

तिसरी पायरी: पेन्सिल घेऊन मालमत्तेची बाजू वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ताळेबंदातल्या मालमत्तेच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवा आणि विचारा: हा पैसा खरंच येईल का?

सुरुवात गुडविलपासून करा. एखादी कंपनी विकत घेताना तिच्या मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली रक्कम इथे बसवतात. आपल्या कंपनीत गुडविल ६० कोटी आहे आणि सॉफ्टवेअर-परवाने वगैरे अमूर्त मालमत्ता १५ कोटी. दोन्ही वजा करा. उरले २२५ कोटी, शेअरमागे ११२.५० रुपये.

मग येणी. १ एप्रिल २०२१ पासून कंपन्यांना येण्यांचं वयोमान तक्त्यात दाखवावं लागतं: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन वर्षं, दोन ते तीन, आणि तीन वर्षांपेक्षा जुनी. वादातली येणी वेगळी दाखवलेली असतात. लहान गुंतवणूकदारासाठी हा तक्ता म्हणजे मोठीच सोय आहे. किराणा दुकानदाराला विचारा, तीन वर्षांची उधारी तो जमेत धरतो का ते. आपल्या कंपनीची तीन वर्षांपेक्षा जुनी येणी १८ कोटी निघाली, आणि त्यांच्यापोटी तरतूद, म्हणजे बुडतील म्हणून आधीच वजा धरलेली रक्कम, काहीच नाही. तीही काढा. उरले २०७ कोटी.

पुढे ‘लोन्स’ची ओळ आणि संबंधित व्यक्तींशी झालेल्या व्यवहारांची टिपणी एकत्र वाचा. प्रवर्तकांच्या दुसऱ्या खासगी कंपनीला २७ कोटी दिलेले आहेत, त्यावर व्याज आलेलं नाही आणि परतीची तारीख दरवर्षी पुढे जाते. मी अशी रक्कम शून्य धरतो. काहींना हे फार कडक वाटेल, पण परत न येणारा पैसा बहुधा याच ओळीत सापडतो. उरले १८० कोटी, शेअरमागे ९० रुपये.

१५० चे ९० झाले आणि भाव आहे १०५. सत्तर पैशांत मिळणारा रुपया आता १ रुपया १७ पैशांना पडतो आहे. अजून आपण तळटीपांतल्या संभाव्य देण्यांकडे पाहिलेलंही नाही. कराचे दावे, कामगारांचे खटले, उपकंपनीच्या कर्जाला दिलेली हमी, हे सगळं ताळेबंदाच्या बाहेर असतं. ती रक्कम इक्विटीच्या मानाने मोठी असेल, तर तो शेअर बाजूला ठेवून दुसरा बघा.

यंत्रं आणि जमीन: वही दोन्हीकडे चुकते

यंत्रं खरेदीच्या किमतीतून घसारा वजा करून दाखवतात. घसारा म्हणजे एक ठरवून दिलेला अंदाज. बाजारात त्या यंत्राला काय येईल याच्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. वॉरन बफे यांनी अमेरिकेत न्यू बेडफर्डची बर्कशायर हॅथवेची कापड गिरणी १९८५ मध्ये बंद केली, तेव्हाचा हिशेब त्यांनी भागधारकांना पत्रातून कळवला होता. विकलेल्या यंत्रसामग्रीची मूळ किंमत सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर होती. भरपूर घसारा काढून वहीत ती ८ लाख ६६ हजार डॉलरवर आणली होती. विक्रीतून हाती आले १ लाख ६३ हजार १२२ डॉलर. १९८१ मध्ये पाच-पाच हजार डॉलरला घेतलेल्या मागांना पन्नास डॉलरलाही गिऱ्हाईक मिळेना. शेवटी ते २६ डॉलर नगाप्रमाणे भंगारात गेले, आणि ते उचलून नेण्याचा खर्चही त्याहून जास्त होता. कापड सगळीकडेच तोट्यात विणलं जात असताना मागाला किंमत कोण देणार?

आता गिरणगावात या. १९८२ च्या संपानंतर इथल्या गिरण्यांचे मागही भंगारातच गेले, पण त्यांच्या खालची जमीन सोन्याची होती. लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे १७ एकर जमीन नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशनने २००५ मध्ये डीएलएफला ७०२ कोटींना विकली. २०१२ मध्ये तीच जमीन लोढा समूहाने २,७२७ कोटींना घेतली. मधल्या सात वर्षांत ती एका फुटानेही वाढली नव्हती. जमिनीवर घसारा नसतो, आणि कंपनीने पुनर्मूल्यांकन केलं नाही तर ती खरेदीच्याच किमतीला वहीत राहते. १९५० साली घेतलेली जमीन आजही तेव्हाच्या आकड्याने दिसू शकते.

म्हणून जुन्या कंपनीत जमीन कुठे, किती आणि कधी घेतलेली हे शोधावं. जमिनीचे कागद कंपनीच्या नावावर नसतील, तर तेही आता टिपणीत सांगावं लागतं. ती ओळ जरूर वाचा. पण जमिनीच्या स्वप्नावर शेअर घेऊ नका. चालू कारखान्याखालची जमीन विकली जात नाही, तोवर भागधारकाच्या हाती काही पडत नाही. विकली गेली तरी तो पैसा लाभांश म्हणून येईल की नव्या धंद्यात अडकेल, हे पुन्हा प्रवर्तकांच्याच हातात.

चौथी पायरी: त्या पैशावर कंपनी कमावते किती

आपल्या कंपनीचा वर्षाचा नफा १८ कोटी आहे, इक्विटी ३०० कोटी. म्हणजे भागधारकांच्या पैशावर ६ टक्के. असा परतावा बँकेच्या ठेवीतूनही मिळतो, तोही बिनघोर. मग अशा कंपनीच्या वहीतल्या रुपयाला बाजाराने पूर्ण रुपया का द्यावा? पीबी एकच्या खाली आहे याचा अर्थ नेहमी ‘बाजाराच्या नजरेतून सुटलं’ असा नसतो. बऱ्याचदा बाजाराने हाच हिशेब आपल्या आधी केलेला असतो. उलट इक्विटीवर वर्षानुवर्षं २५ टक्के मिळवणारी कंपनी बुकच्या चौपट भावातही महाग असेलच असं नाही. पीबी आणि इक्विटीवरचा परतावा हे दोन आकडे कायम जोडीने लिहा, एकटा पीबी वहीत लिहूच नका.

बुक व्हॅल्यूला बँकांत वजन, साबणात नाही

बँका आणि वित्त कंपन्यांत बुक व्हॅल्यूला खरा अर्थ असतो, कारण त्यांची मालमत्ता म्हणजे मुख्यतः दिलेली कर्जं आणि रोखे. पण कर्ज बुडालं की बुकही बुडतं. मार्च २०१९ मध्ये येस बँकेची प्रति शेअर बुक व्हॅल्यू ११५ रुपयांच्या वर होती. डिसेंबर २०१९ च्या एकाच तिमाहीत बँकेने १८,५६४ कोटींचा तोटा दाखवला. ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, आणि स्टेट बँक व इतर बँकांनी तिला सावरण्यासाठी भांडवल घातलं ते १० रुपये शेअरने. भाव ऐंशीवर, साठवर, चाळीसवर घसरत असताना ‘बुकच्या किती खाली मिळतोय बघा’ म्हणून घेणारे बरेच होते. म्हणून बँकेच्या बुकमधून निव्वळ बुडीत कर्जं, म्हणजे तरतूद वजा जाता उरलेली, आधी वजा करा. शिवाय ती आणि ढोबळ बुडीत कर्जं, म्हणजे तरतूद वजा न करता धरलेली, गेल्या आठ तिमाहींत कुठल्या दिशेने चालली आहेत ते पाहा.

माहिती तंत्रज्ञान किंवा रोजच्या वापराच्या वस्तूंच्या कंपन्यांत मात्र बुक व्हॅल्यूवर वेळ घालवू नका. स्वतः घडवलेला ब्रँड आणि शिकवून तयार केलेली माणसं ताळेबंदात येतच नाहीत. विकत घेतलेला ब्रँड मात्र येतो. यातून काय होतं ते हिंदुस्थान युनिलिव्हरमध्ये दिसलं. मूळ कंपनीच्या ताळेबंदात मार्च २०२० ला भागधारकांचा निधी सुमारे ८,००० कोटी होता, शेअरमागे साधारण ३७ रुपये. एप्रिल २०२० मध्ये हॉर्लिक्सवाली जीएसके कन्झ्युमर तिच्यात विलीन झाली आणि मोबदला नव्या शेअर्सच्या रूपात दिला गेला. मार्च २०२१ ला निधी ४७,००० कोटींच्या वर गेला, शेअरमागे २०० च्या आसपास. शेअरचा भाव दोन्ही वेळा २,३०० ते २,४५० च्या दरम्यान. पीबी साठच्या वरून बारावर आलं. साबण तोच आणि चहाही तोच. वहीत गुडविल आणि ब्रँडची रक्कम चढली, एवढंच झालं होतं. हा शेअर पीबीवरून पाचपट स्वस्त झाला असं त्या वर्षी म्हणणारा माणूस ताळेबंदाची एकच ओळ वाचत होता.

पाचवी पायरी: बुक वाढलं कशाने

पाच वर्षांच्या बुक व्हॅल्यू एका ओळीत लिहा. वाढ दिसली की ती नफा साठून झाली की चढ्या भावाने नवे शेअर विकून, हे वेगळं करा. पुनर्खरेदीचाही, म्हणजे कंपनीने स्वतःचे शेअर परत विकत घेण्याचाही, परिणाम होतो. आपल्या कंपनीने १५० बुक असताना स्वतःचे २० लाख शेअर ४०० रुपयांना परत घेतले, तर ८० कोटी जातात आणि उरलेल्या १ कोटी ८० लाख शेअरमागे १२२ रुपये राहतात. तेच ७५ रुपयांना घेतले, तर १५ कोटी जातात आणि बुक १५८ होतं.

हे तपासायला वार्षिक अहवालात ‘स्टेटमेंट ऑफ चेंजेस इन इक्विटी’ नावाचं पान असतं. बहुतेक लोक ते उलटतात. तुम्ही तिथे थांबा. सुरुवातीची शिल्लक घ्या, त्यात वर्षाचा नफा मिळवा, लाभांश वजा करा आणि शेवटच्या शिलकेशी ताडून बघा. फरक येईल तिथे नवे शेअर असतील, पुनर्मूल्यांकन असेल, गुंतवणुकीच्या बाजारभावातली चढउतार असेल किंवा परकीय चलनाचा परिणाम असेल. फरकाची प्रत्येक रक्कम कुठून आली ते त्याच पानावरच्या स्तंभांत लिहिलेलं असतं. पहिल्या कंपनीला एक संध्याकाळ जाईल, तिसऱ्या-चौथ्या कंपनीपासून अर्ध्या तासात होईल.